लतिकेचं पाइन

"तूच ठेव वं लतू. अन् कुंडीचं तोंड जरा उजवीकडे. हं, अस्सं!"

बाबांनी सांगितलं तशी लतिकेनं दोन्ही हातांनी कुंडी टेबलावर ठेवली आणि मागं सरून पाहिलं. सुमतीचं लक्ष झाडाकडे नव्हतंच, पोरीकडे होतं. बारावीत दोनदा आपटल्यापासून ही मान वर करून चालत नव्हती. पाहुणा आला की स्वयंपाकघरात दडायची. "माझ्या हातून काही होतच नाही, आई," हे एकच पालुपद. आणि आज बघा, महाराजबागेतल्या झाडांच्या प्रदर्शनात, मांडवातल्या एवढ्या माणसांत कशी ताठ उभी! सुमतीला वाटलं, इथंच मीठमोहऱ्या ओवाळून टाकाव्यात.

झाड म्हणाल तर हातभरसुद्धा नाही. बोन्साय. लतिकेचे बाबा, कृष्णकांतराव, लकडगंजात लाकडाच्या टालावर मुनीम. दिवसभर कापलेले ओंडके मोजायचे आणि घरी येऊन या एका झाडाचे लाड करायचे. पचमढीच्या नर्सरीतून रोप आणलं तेव्हा लतिका पहिलीत होती. नागपूरच्या उन्हात पाइन! सगळ्या आळीनं त्यांना वेड्यात काढलं. पण त्यांनी उन्हाळाभर झाड वाळ्याच्या ताटीआड गारव्याला ठेवलं आणि स्वतः बाहेर घामाघूम झाले. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून, जरा जरा वाकवत, त्यांनी त्याला असं वळण दिलं की डोंगरकड्यावर वारा खात म्हातारं झालेलं झाड वाटावं. लोक दरवर्षी म्हणायचे, प्रदर्शनात ठेवा. यांचं उत्तर ठरलेलं, "अजून दोन वर्षं जाऊ द्या." घरात दुसऱ्या कुणी झाडाला हात लावायचा नाही. सुमतीनं तर नाहीच नाही.

अन् यंदा ऐन दिवाळीत त्यांचं अपेंडिक्स फुटलं. कुणाला काही सांगायची सवडच मिळाली नाही, तसंच उचलून दवाखान्यात नेलं. ते तीन आठवडे झाड लतिकेनं सांभाळलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी तांब्याभर. पोरीनं फराळाला तोंड लावलं नाही, पण झाडाला तहानलेलं ठेवलं नाही.

घरी आल्या आल्या कृष्णकांतराव पोट धरून आधी झाडापाशी गेले. खोडाला जरा नख लावून पाहिलं. लतिका दाराआडून बघत होती, आता बाबा रागावतात की काय म्हणून. ते वळले आणि म्हणाले, "अवं लतू, किती जपलं वं तू! यंदा ठेवूच प्रदर्शनात."

झालं! त्या दिवसापासून पोरगी बदलली. ट्रंकेतली पुस्तकं बाहेर आली. मार्चच्या परीक्षेला पुन्हा बसते म्हणाली. भाजीवाल्याशी हुज्जतसुद्धा घालू लागली. सुमतीचा ऊर भरून यायचा, आणि रात्रंदिवस एकच धास्ती वाटायची.

"आज काही उणं-अधिक झालं तर ही पोरगी पुन्हा पुस्तकाले हात नाही लावायची," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली.

"नाही होणार," कृष्णकांतराव म्हणाले. पण त्यांनी घाम पुसला. डिसेंबरात!

पुण्याहून आलेल्या परीक्षक चारुलताबाई एकेक टेबल बघत आल्या. पाइनपाशी थबकल्या. वाकल्या. हिरव्या सुया बोटांत धरून पाहिल्या आणि चमकून सरळ झाल्या. त्या काही बोलणार तोच कृष्णकांतराव पुढं झाले. "बाई, एक मिनिट इकडे येता?"

दोघं कनातीपाशी जाऊन बोलले. ह्यांनी चक्क हात जोडले. इश्श! बक्षिसासाठी गयावया करून राहिले की काय? उभ्या जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस! सुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि पहिलं बक्षीस गेलं धंतोलीच्या कुणाच्या तरी वडाला. लतिकेचा चेहरा उतरला.

पण चारुलताबाईंनी माइक सोडला नव्हता. "एक झाड मी स्पर्धेतून बाजूला काढलं आहे. पाइनला असं वळण मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं. ते मला माझ्यासोबत पुण्याला न्यायचं आहे. मालक देणार असतील तर."

"मालकीण ही आहे," कृष्णकांतरावांनी लतिकेला पुढं केलं. त्यांचा आवाज सगळ्या मांडवात गेला. "मी दवाखान्यात होतो. एक दिवस चुकली नाही माझी पोरगी!"

टाळ्या पडल्या. लतिका रडतही होती, हसतही होती. तिनं स्वतःच्या हातानं कुंडी बाईंना दिली. बाईंनी कुंडी खाली ठेवून आधी तिला जवळ घेतलं.

घरी जाताना लतिका मैत्रिणीबरोबर पुढच्या रिक्षात होती. तिचा आवाज मागच्या रिक्षात आईबाबांपर्यंत येत होता. "पुण्याच्या बाईंनी मागून नेलं वं! मागून!" सुमतीनं इतका वेळ दाबून धरलेलं आता बाहेर आलं.

"इतकी वर्षं मले बोट लावू दिलं नाही. अन् आज कुणी मागितलं की देऊन मोकळे? काहून?"

"त्यांनी नाही मागितलं. मीच म्हटलं, मागा म्हणून."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय?"

कृष्णकांतराव पुढच्या रिक्षाकडे बघत राहिले. लतिका मान मागं टाकून हसत होती. असं हसताना त्यांनी तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अवं, पाइनले रोजचं पाणी चालत नाही. मुळं सडतात," ते हळूच म्हणाले. "वरून मात्र दोन-दोन महिने हिरवंगार दिसते. पिवळं पडायच्या आत मले ते पोरीच्या नजरेआड करायचं होतं. मी दवाखान्यातून आलो, तेव्हाच मेलं होतं ते."