आधी हलवायचा

पंपातून फुस्स आवाज आला, पण तिच्या छातीतली शिट्टी काही थांबेना. तिने पुन्हा दाबला. पुन्हा नुसती हवा.

पलीकडे मैदानावर रिलेच्या अंतिम फेरीसाठी मुली आपापल्या जागी निघाल्या होत्या. शेवटचा टप्पा तिचा. वर्गात तिला 'शिट्टी' म्हणायचे आणि तीही ऐटीत सांगायची, दमा मला असला तरी दम तुमचाच काढते. आता मात्र खांदे कानापर्यंत चढले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

पंप हलवून द्यायचं काम नेहमी बाबांचं. आज तिने स्वतःच तो कानाशी धरून हलवला. आत काहीच हललं नाही.

कठडा ओलांडून बाबा धावत आले. त्यांनी खिशातून औषधाची दुसरी नळकांडी काढली, पंपात बसवली, खळखळ हलवली आणि पंप तिच्या तोंडाला लावला.

"सावकाश ओढ. धरून ठेव. आता सोड."

अगदी लहानपणापासून हेच सांगत आले होते ते. हळूहळू श्वास मोकळा झाला. तोवर सरांनी तिच्या जागी राखीव मुलीला पाठवलंही होतं.

"ही तुमच्या खिशात कशी?" तिने विचारलं.

बाबा सांगून मोकळे झाले. गेला महिनाभर पंपात जुनी, संपलेली नळकांडी होती. त्यांनीच बदलली होती, औषधाची सवय लागू नये म्हणून. रोज सकाळी ते पंप हलवून तिच्या हातात ठेवायचे आणि ती फवारा ओढून, "थँक्यू बाबा" म्हणत, पायऱ्या उड्या मारत उतरायची.

"आणि धावलीसच की नाही रोज? औषधावाचून." त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "आज जिंकलीस की सांगणारच होतो तुला."

मैदानावर बार उडाला. एकच गलका झाला. तिने वळून पाहिलं नाही.

"घे, पाणी पी," म्हणत बाबांनी बाटली पुढे केली.

तिने ती घेतली, कानाशी धरली आणि आधी हलवून पाहिली.