पाट्यावरचा मसाला

रश्श्यात पाटोडी बुडवून पहिला घास घेताच देवपुजारींच्या लक्षात आले, की मसाला पाट्यावर वाटलेला नाही. नागपुरातल्या खानावळी हिंडून वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या या निवृत्त अभियंत्याने गेल्या वर्षी इथल्याच रश्श्याची तोंड भरून स्तुती केली होती. तेव्हा इथे दोनच बाकडी होती. आज रस्त्यापर्यंत रांग होती.

"तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, साहेब," गल्ल्यावरून उठून आलेल्या मैनाबाई म्हणाल्या. "तुमच्याच लेखानं ही गर्दी आली. कसा झाला रस्सा?"

"छान झालाय," ते ताटाकडे पाहत म्हणाले.

"लिहायला पटाईत, पण खोटं बोलणं काही जमत नाही तुम्हाला!" बाई हसल्या. "एवढ्या माणसांचं वाटता वाटता खांदाच गेला माझा. आता पोरं मशीनवर वाटतात. मलाही घास गिळवत नाही."

ज्या लेखाचा त्यांना सर्वाधिक अभिमान होता, तो आता देवपुजारींना आठवावासाही वाटेना.

बाई जवळ झुकल्या. "तुम्ही गावभर जेवत फिरता. कुठं पाट्यावरचं मिळालं तर मला सांगा. पेपरात मात्र लिहू नका."