घरचीच

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ऋजुता मऊभात खात होती आणि साठ्येकाकू शेजारी बसून संत्रं सोलत होत्या. "संकोचतेस कशाला? तू काय परकी आहेस? घरचीच आहेस."

कॅल्गरीतल्या आपल्या घराचं तळघर तिला भाड्याने देतानाही काकू हेच म्हणाल्या होत्या. तळघराच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फ साचायचा. कितीदा सांगूनही काकांनी तो काढला नाही, तो वितळावा म्हणून मीठ टाकलं नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. ती घसरून पडली. तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा घेऊन काकू स्वतः खाली येत. काकांचा हात धरून, जपून.

आज विमा कंपनीचा माणूस आला होता. "पायऱ्यांवरचा बर्फ काढलेला होता का?" त्याने विचारलं.

दाराशी उभ्या असलेल्या काकांनी मान खाली घातली. खरं सांगावं, तर सगळं त्यांच्यावर शेकणार. गप्प बसावं, तर भरपाई बुडणार आणि वर महिनोन्‌महिने बिनपगारी रजा. काकूंनी संत्र्याची फोड तिच्या हातावर ठेवली. या परक्या गावात तिला दुसरं होतं तरी कोण?

"काढलेला होता," ती म्हणाली. "मीच धांदरट."

संध्याकाळी दार वाजलं नाही. वरून काकूंची हाक तेवढी आली.

"ऋजुता, डबा वरच्या पायरीवर ठेवलाय गं, घेऊन जा. हे बाहेर गेलेत. एकटीने उतरायची माझी नाही बाई हिंमत, केवढं निसरडं झालंय!"