हत्तीची शेपटी

"अहो, शेपटी नाही!" कुमुदिनीताई एवढ्यांदा ओरडल्या की हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या हातातला चहा हिंदकळला.

तेहतीस तुकड्यांचा सागवानी हत्ती टेबलावर जुळून उभा होता, फक्त मागे शेपटीची जागा रिकामी. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीच्या मशीनवर, महिनाभर खपून कापलेलं त्यांचं हे पहिलंच कोडं, आणि स्पर्धेचे परीक्षक दोनच टेबलं पलीकडे! त्यांच्या लाकूडकामाच्या ग्रुपमधले सगळे धडाधड टेबलांखाली शिरले. मिरजेच्या इनामदारांनी तर झाडूच मागवला.

"तुम्हीच पाडली असणार," ताई नवऱ्यावर घसरल्या. "सकाळी माझं बारीक ड्रिल बिट हरवलंत, आता ही!"

मनोहरपंत सांगलीपासून हेच ऐकत आले होते.

"दुसरी कापू या, माझं मशीन आहे इथे," इनामदार म्हणाले.

"लाकडाच्या रेषा जुळायच्या नाहीत हो," ताई कळवळल्या. पण इलाज नव्हता. रिकाम्या जागेमागे कागद धरून, आकार काढायला त्यांनी सवयीने अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसली.

पेन्सिलीबरोबर शेपटी टपकन टेबलावर पडली. सकाळी ती पॉलिश पेपरने घासताना कुकरची शिट्टी झाली, म्हणून ताईंनीच तिथे खोचली होती! मागोमाग ड्रिल बिटही टणकन पडलं.

अख्खा हॉल खदखदून हसला. ताईंनाही हसू आवरेना. डोळ्यांत पाणी, हातात शेपटी.

मनोहरपंत शांतपणे पुढे झाले. "अजून जरा चाचप गं. परवापासून माझा चष्मा सापडत नाहीये."