दुभाषी

डॉक्टरबाई पाच मिनिटं बोलल्या. अकरा वर्षांच्या ऊर्मीने त्याचं एका वाक्यात मराठी केलं.

“काळजीचं काही नाही म्हणाल्या. बाबांना एकदा भेटायला सांगितलंय.”

जयवंतीने मुलीकडे पाहिलं. तमिळ तिला येत नव्हतं, पण पोरीचा चेहरा वाचता येत होता. ऊर्मीचे ओठ पांढरे पडले होते. बोलताना डॉक्टरबाईंनी एक शब्द दोनदा उच्चारला होता, पुट्रुनोय. दुसऱ्यांदा तो कानावर आला तेव्हा ऊर्मीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

वेलचेरीला परतताना शेअर ऑटोत ती आईला चिकटून बसली. एरवी कडेच्या जागेसाठी भांडणारी मुलगी.

संध्याकाळी जयवंतीचा नवरा हेरंब तांबरमच्या ऑफिसातून आला. त्याने तिच्या छातीतल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट उघडला, वाचला आणि हातातली बॅग न ठेवताच उभा राहिला. जयवंतीने ऊर्मीला जवळ बसवून घेतलं.

“डॉक्टर काय म्हणाल्या ते आता सगळं सांग. मी रागावणार नाही.”

ऊर्मीने सांगितलं. गाठ पुट्रुनोयची, म्हणजे कॅन्सरची आहे. याच आठवड्यात ऑपरेशन करायला हवं. उशीर झाला तर पसरेल. एकही शब्द ती विसरली नव्हती. सांगून झाल्यावर तिचा बांध फुटला.

“तो शब्द आमच्या सायन्सच्या पुस्तकात आहे गं. मला कळला होता. पण तुला मी कसा सांगू?”

जयवंती हादरली ती या प्रश्नाने. कॅन्सरच्या बातमीने नाही.

“पुढच्या वेळी मी रजा टाकतो,” हेरंब म्हणाला. “माझंच चुकलं.”

“तुमचं नाही, माझं चुकलं. नऊ वर्षं झाली इथे येऊन. आज बदली होईल, उद्या होईल, म्हणत बसले. भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत या पोरीला पुढे केलं. माझं दुखणं तिने मला सांगायचं, ही पाळी मीच आणली तिच्यावर.”

ऑपरेशन झालं. पुढची औषधं सुरू झाली, केस गेले. एका सकाळी डोक्याला रुमाल बांधून जयवंतीने समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथे धनलक्ष्मी अक्का राहायच्या, तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं. जयवंती माहेरी गेली की त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायची.

“अक्का, मला तमिळ शिकवाल?”

अक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आमचं मराठी ऐकून तू हसतीस, ठाऊक आहे मला. आता तुझं तमिळ ऐकून मी हसीन. चालेल?”

“हसा.”

अक्का हसल्या. मजल्यावरचे बाकीचेही हसले. जयवंती फुलवालीला उद्याऐवजी काल यायला सांगून बसली. वॉचमनला नकळत एकेरीत हाक मारली, तर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. औषधाने उलट्या व्हायच्या त्या दिवसांतही वही उशाशी असायची. सगळ्यांत आधी तिने एकच वाक्य घोकलं: “पुरियलै, तिरुंब सोल्लुंग.” कळलं नाही, पुन्हा सांगा. नऊ वर्षं ती अशा वेळी नुसती मान हलवत आली होती. आता ती हे वाक्य दुकानात म्हणायची, बसमध्ये म्हणायची, आणि समोरचा वैतागला तरी उत्तर घेतल्याशिवाय हलायची नाही.

वर्षभराने मोठी तपासणी झाली. रिपोर्ट ऐकायला जयवंती एकटी गेली.

डॉक्टरबाईंनी तिच्या मागे दाराकडे पाहिलं. “मुलगी कुठे आहे?”

“शाळेत,” जयवंती तमिळमध्ये म्हणाली. “मला सांगा.”

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलायला लागल्या. जयवंतीने त्यांना दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा पुन्हा सांगायला लावलं. गाठीचा मागमूस नव्हता. सहा महिन्यांनी परत यायचं होतं, हाताचे व्यायाम सोडायचे नव्हते. सगळं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तिला ते सगळं कळलं.

ऊर्मीला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते तिने बसमध्येच ठरवून ठेवलं. सुरुवातीला तपासणीचा आठवडा आला की पोरगी धड जेवत नसे, शाळेतून आल्या आल्या आईचा चेहरा चाचपून पाहत असे.

साडेचारला ऊर्मी आली. दप्तर भिरकावलं, उभ्या उभ्या पाणी प्यायली.

“आई, हरिणीकडे जाऊ? ती मला सायकल शिकवणार आहे!”

जयवंतीने तिच्याकडे पाहिलं आणि तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. ते रात्री जेवतानाही सांगता येणार होतं.

“जा,” ती म्हणाली.

ऊर्मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली. आज आईची तपासणी होती, हे ती साफ विसरली होती.