कोर्नेलची साक्ष

नदीचं पाणी छातीला लागलं, तेव्हा कोर्नेलला वाटलं, अजूनही मागे फिरता येईल. पण काठावर, खुर्चीत, घोंगडीत गुंडाळलेली त्याची आई सावेता बसली होती. डॉक्टरांनी तिची आशा सोडली होती. देवाच्या न्यायाच्या दिवशी आपला एकुलता एक मुलगा दुसऱ्या बाजूला उभा असेल, या विचाराने जीव जात नाही, असं ती म्हणाली होती. म्हणून तिच्या बाप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा शब्द त्याने दिला होता. मरणाऱ्या माणसाशी एवढं खोटं चालतं.

पाळकाने विचारलं, "प्रभूवर विश्वास ठेवतोस?"

"ठेवतो," कोर्नेल म्हणाला आणि पाण्याखाली गेला.

महिन्याभरात सावेता बरी झाली. उन्हाळ्यात तर मक्यात खुरपणी करू लागली.

कोर्नेल अडकला. आता खरं बोलावं, तर आई हाय खाईल. मंडळीत दारू वर्ज्य, म्हणून आलुबुखाऱ्याची दारू सुटली. गुत्त्यासमोरून जाताना जुने सोबती मंडळीतल्यांचं गावातलं टोपणनाव घेऊन विचारत, "काय पश्चात्तापवाले, आज विहिरीचं घेणार की नदीचं?" रोदिकाशी त्याचं लग्न ठरल्यात जमा होतं. ती ऑर्थोडॉक्स. तिला तिच्याच चर्चमध्ये, डोक्यावर मुकुट ठेवून लग्न करायचं होतं. मंडळीला ते चालणारं नव्हतं. तिने पुष्कळ वाट पाहिली आणि शेवटी आराद शहरातल्या एका सुताराशी संसार मांडला.

त्याचा आवाज चांगला, त्यामुळे रविवारी त्याला बोलायला उभं करू लागले. माणूस कर्मांनी नाही, विश्वासानेच तरतो, हे तो इतक्या पोटतिडकीने सांगे की बायका डोळे पुसत. पुढच्या बाकावरची सावेता त्याच्यावरून नजर हलवत नसे. घरी आल्यावर मात्र तो मनाशी हिशोब मांडत बसे. न्याय नसेलच, तर आयुष्य फुकट गेलं. असेल, तर पहिला जाब त्यालाच विचारला जाईल.

त्याचे केस पिकले, तेव्हा सावेता पुन्हा अंथरुणाला खिळली. या वेळी कोर्नेलने ठरवलं, खोट्यावर तिला निरोप द्यायचा नाही. तो खाटेशी जाऊन बसला.

"आई, तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक. दार लाव. पाळकांना बोलावू नकोस. तुझा बाप दारूपायी गेला ना, त्याच वर्षी माझा विश्वास उडाला."

त्याला वाटलं, ती वातात बरळते आहे. पण तिची नजर स्वच्छ होती.

"तूही त्याच वाटेला लागला होतास. माझ्यामागे तुला आवरणारं कोणी नव्हतं. मंडळीतले पीत नाहीत, एवढंच बघितलं आणि तुला नदीत उतरवलं. पण तू तर खरंच विश्वासात आलास रे. मग मला कुठलं बाहेर पडता येतंय? तुझं मन मोडू नये म्हणून दर रविवारी बसत राहिले."

सावेताने त्याचा हात घट्ट धरला.

"आता भीती वाटते. तुला यातलं कळतं, म्हणून तुलाच विचारते. आता धरला विश्वास, तर वर देवाघरी घेतील का रे मला?"