एकच घोंगडी

दुष्काळात मेंढरं गेली, मोहोळच्या वाटेवर मांडीवरचं लेकरू गेलं, आणि सोलापूरच्या गिरणीचं धुराडं दिसायच्या आत तापाने धनीही गेला. मिशनने बेघरांसाठी काढलेल्या निवाऱ्यात केराबाई आली ती धन्याची घोंगडी तेवढी कवटाळून. तिथल्या मार्थाबाई विणकराच्या घरच्या. कापड म्हणजे सूत, आणि सूत उकळलं की निर्मळ, एवढंच त्यांना ठाऊक. उवा मराव्यात म्हणून त्यांनी घोंगडी आधणात घातली. लोकरच ती; वाळली तेव्हा आटून आटून दुपट्याएवढी उरली होती. मार्थाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. "चुकलं गं बाई माझं." केराबाईने घोंगडी मांडीवर पसरली, वितीने मापली. "रडू नगासा, बाई. धनी थंडीतापानं कुडकुडत हुता. येकच घोंगडी, त्येला पांगरली. लेकराला उगडंच मातीत ठिवलं आमी." तिने घोंगडीचे कोपरे अलगद आत दुमडले. "आता लेकराच्या मापाची झाली बगा."